बारा व्होल्ट कुठे गळतात?



आजची नोंद आंब्याची नाही, माडाचीही नाही. कॉम्प्युटरची आहे. पण शेवटपर्यंत वाचा, कारण ती फिरून आपल्या विहिरीवरच्या मोटारीपर्यंत येणार आहे. गेल्या महिन्याभरात तिघांनी एकच गोष्ट विचारली: "कॉम्प्युटर आपोआप बंद पडता. दुकानवालो म्हणता व्होल्टेज कमी असा, नवो घ्या." आमच्या घरीही हेच झालं होतं. तेव्हा केलेली मोजमापं वहीत होती, ती इथे मांडतो.

आधी आमच्या मशीनबद्दल थोडं. मालवणात समुद्रापासून सरळ रेषेत अर्धा किलोमीटरवर घर. कॉम्प्युटर पडवीत. एका फोटो स्टुडिओने काढून टाकलेला, जुना पण दणकट, आत छोटं ग्राफिक्स कार्ड. या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर नाही, ते आपली सगळी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधून घेतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. या मशीनमध्ये माझ्या नऊ वर्षांच्या नोंदी आहेत: कुठल्या कलमाला मोहर कधी आला, कोणती फवारणी कुठल्या तारखेला, पाऊस किती. आंबा निर्यातीला द्यायचा तर मँगोनेटवर बागेची नोंदणी लागते आणि फवारणीचा हिशेब मागतात. तो हिशेब नोव्हेंबरात, ऐन मोहराच्या तोंडावर, अडकला तर काय होतं ते आंबेवाल्यांना सांगायला नको.

लक्षण असं होतं. साधं टायपिंग करताना मशीन व्यवस्थित. ड्रोनने काढलेले बागेचे फोटो उघडले, नकाशा मोठा केला, की काळोख आणि पुन्हा सुरू. व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर १२ व्होल्टच्या जागी साधेपणी ११.६ आणि फोटो उघडल्यावर १०.९ दाखवत होतं. दुकानात फोनवर सांगितलं तर उत्तर आलं, मदरबोर्ड गेला असेल, नवीन मशीनच परवडेल. पुतण्या म्हणाला, "काका, पावर सप्लाय गेलो. नवो घेवक होयो." आई म्हणाली, "सांजची लाईट कमी असता, म्हणान तसा होता." तीन माणसं, तीन निदानं. मीटर मात्र कोणी लावला नव्हता.

पहिलं काम दुरुस्तीचं नव्हतं. सगळ्या नोंदी पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. मशीन जेवढा वेळ चालतं तेवढ्या वेळात हेच करायचं. पुढची खटपट त्यानंतर.

किती कमी म्हणजे कमी?

डेस्कटॉपच्या एसएमपीएसमधून तीन मुख्य दाब बाहेर पडतात. पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, नारिंगी ३.३ व्होल्ट. काळी ती ग्राउंड. या तिन्हींना ५ टक्के वरखाली चालतं. म्हणजे:

पिवळी: ११.४० ते १२.६०
लाल: ४.७५ ते ५.२५
नारिंगी: ३.१४ ते ३.४६

जांभळ्या वायरवर मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट असतात. करड्या वायरवर एसएमपीएस स्वतः ५ व्होल्टचा निरोप पाठवतो, 'माझ्याकडून सगळं ठीक आहे' असा. हा निरोप गेला की बोर्ड काम थांबवतो. काही नव्या एसएमपीएसमध्ये सगळ्याच वायरी काळ्या असतात, तिथे रंगावर जाऊ नका, पिनेची जागा बघा.

आता ११.९ आणि १२.१ यात घाबरण्यासारखं काही नाही. आमचा १०.९ मात्र हद्दीच्या चांगलाच खाली होता. पण तो आकडा सांगत कोण होतं? सॉफ्टवेअर. मदरबोर्डवरची एक छोटी चिप बारा व्होल्ट थेट मोजत नाही. दोन रेझिस्टर लावून तो दाब कमी करून घेते, आणि सॉफ्टवेअर त्याला ठरावीक संख्येने गुणून आपल्याला दाखवतं. ती संख्या त्या बोर्डासाठी बरोबर नसेल तर आकडाच चुकतो. सॉफ्टवेअरने बारा व्होल्टच्या जागी आठ दाखवावेत आणि मशीन मजेत चालावं, असंही होतं. खरंच आठ असते तर ते सुरूच झालं नसतं. म्हणून सॉफ्टवेअरचा आकडा ही फक्त चाहूल. पानावर डाग दिसला म्हणून लगेच औषध मारत नाही आपण, पान उलटून बघतो. तसंच.

मीटर लावायच्या आधी

मल्टिमीटर चारपाचशे रुपयांचा चालतो, पण त्याची स्वतःची बॅटरी उतरली असेल तर तो चुकीचं सांगतो. नवा पेन्सिल सेल मोजून बघा, दीड व्होल्टच्या किंचित वर आला पाहिजे. मग मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. काळी सुई काळ्या वायरला, लाल सुई ज्या वायरचं मोजायचं तिच्या प्लगच्या मागच्या भोकात, हळूच. सुई घसरून दोन पिनांना एकदम लागली तर नसलेला बिघाड तयार होतो.

दोन इशारे. एक, एसएमपीएसचा डबा उघडू नका. २३० व्होल्टची लाईट आत गेल्यावर तिचे सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट होतात आणि ते कॅपॅसिटरमध्ये साठून राहतात, प्लग काढल्यावरही. दोन, मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात असताना बोर्डाच्या सॉकेटात सुया घालू नका. तो थेट शॉर्ट असतो.

हिरवी वायर काळीला जोडून एसएमपीएस एकटाच सुरू करून बघायची एक युक्ती सगळे सांगतात. त्याने तो जिवंत आहे की मेला एवढं कळतं. पण भार नसताना मिळालेला आकडा फारसा कामाचा नाही. गोठ्यात उभा असलेला बैल तगडाच दिसतो, जोताला जुंपल्यावर कळतं. म्हणून मशीन पूर्ण जोडलेलं, फोटो उघडलेले, कार्डाचा पंखा जोरात फिरतोय, अशा वेळी मोजायचं.

आमची मोजमापं

सगळी भारावरची:

हार्ड डिस्कला जाणाऱ्या मोकळ्या प्लगवर, पिवळी: ११.९४
मदरबोर्डच्या २४ पिनांच्या मोठ्या प्लगच्या मागून, पिवळी: ११.९०
मदरबोर्डवर पंख्याची वायर जिथे लागते तिथली १२ व्होल्टची पिन: ११.२०
करडी वायर: ५ व्होल्ट, कायम

हे चार आकडे समोर आले आणि निम्मं काम झालं. एसएमपीएस १२ व्होल्ट व्यवस्थित देत होता, प्लगपर्यंत ते पोचतही होते. प्लगाच्या पलीकडे, बोर्डावर, मात्र ११.२ होते. मधल्या दोन बोटांच्या जागेत ०.७ व्होल्ट गायब. करडी वायर 'ठीक आहे' म्हणत होती ती खरंच म्हणत होती, कारण एसएमपीएसला आपल्या घरातलं दिसतं, वाटेत काय होतं ते दिसत नाही. सॉफ्टवेअर १०.९ सांगत होतं, खरे होते ११.२. म्हणजे ते वाढवून सांगत होतं, पण अगदीच खोटं नव्हतं.

ठिबकवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. पंपापाशी दाब पुरेसा आणि शेवटच्या माडाला पाणी नाही, तर पंप बदलत नाही आपण. दोन ठिकाणी दाब बघतो आणि मधला फिल्टर उघडतो. इथे तो फिल्टर म्हणजे प्लग होता.

मग लाईटचा काय दोष?

आईचं म्हणणंही तपासलं. संध्याकाळी सातनंतर सॉकेटात १७८ व्होल्ट होते, हे खरं. पण दुपारी २२६ असताना फोटो उघडले तेव्हाही मशीन तसंच बंद पडलं. आणि संध्याकाळी १७८ वर मोकळ्या प्लगवर ११.९४ च होते, दुपारइतकेच.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एसएमपीएस लाईटचा दाब जसाच्या तसा पुढे सोडत नाही. तो आधी डीसी करतो, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून काढतो आणि बाहेरचा आकडा सतत बघत स्वतःला सावरत राहतो. बाहेर लाईट कमी झाली तर तो जास्त करंट ओढतो. १०० वॅटला २३० व्होल्टवर साधारण ०.४३ अँपिअर लागतो, तर १७८ वर ०.५६. त्याच्या आवाक्याबाहेर लाईट पडली की तो एकदम हात टेकतो आणि मशीन बंद होतं. लाईट कमी झाली म्हणून बाराचे अकरा झाले, असं चांगल्या एसएमपीएसमध्ये सहसा होत नाही. त्याच्या लेबलवर १००-२४० लिहिलं असेल तर आपल्या सांजच्या लाईटला तो पुरून उरतो. २००-२४० लिहिलं असेल तर आपल्या किनारपट्टीला तो कमी पडणार, तिथे स्टॅबिलायझर किंवा यूपीएसचा विचार करा. आधी लेबल वाचा, मग खर्च करा.

प्लगात काय होतं

लाईट बंद करून, वायर काढून, मोठा प्लग उपसला. दोन पिवळ्या वायरींची भोकं तपकिरी झालेली, बोर्डावरच्या त्याच दोन पिनांवर पांढरट-हिरवी भुकटी. २४ पिनांत बारा व्होल्टच्या पिना फक्त दोन असतात आणि आमचं ग्राफिक्स कार्ड आपला सगळा भार त्या दोघींवर टाकत होतं. साधारण ५ अँपिअर गेले आणि ०.७ व्होल्ट तिथेच गळले, तर साडेतीन वॅट उष्णता त्या दोन पिनांत तयार होते. पिन तापली की तिचा स्प्रिंग ढिला पडतो, ढिला पडला की आणखी तापते. सुरुवात मात्र खाऱ्या वाऱ्याने झालेली.

आपल्याकडे हे होणारच. साधं मीठ हवेत साधारण ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की ओलावा ओढून पाझरायला लागतं. आषाढात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघा. वाऱ्याबरोबर आलेला तोच खार पिनांवर बसतो आणि पावसाळाभर ओलाच राहतो. घाटावरच्या मित्राचा कॉम्प्युटर दहा वर्षं टिकतो आणि आपला चार वर्षांत कुरकुरतो, त्यात ह्याचा मोठा वाटा.

उपाय महाग नव्हता. बोर्डाच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ केल्या. पॉलिश पेपर मारू नका, वरचा मुलामा निघाला की पिन लवकर गंजते. प्लगातल्या दोन भाजलेल्या पिना दुरुस्तीवाल्याकडून नवीन बसवून घेतल्या, कारण ढिला स्प्रिंग नुसत्या सफाईने परत ताठ होत नाही. नंतर भारावर पंख्याच्या पिनेवर ११.८२ आले. सॉफ्टवेअर ११.५ दाखवतं, आजही ०.३ कमीच सांगतं. सांगू दे. मोहराच्या नोंदी वेळेत भरून झाल्या, मशीन तेच आहे.

तुमचे आकडे वेगळे आले तर

मोकळ्या प्लगवरच भारावर ११.४ च्या खाली आले, तर एसएमपीएस थकला आहे. बहुतेक वेळा आतले कॅपॅसिटर सुकलेले किंवा फुगलेले असतात. तो बदलायचा, पण मशीन नाही.

मोकळ्या प्लगवर ठीक आणि मोठ्या प्लगच्या मागे कमी, तर वायर किंवा मधला जोड बघा.

सगळीकडे ठीक आणि फक्त सॉफ्टवेअर कमी दाखवतं, मशीनही नीट चालतं, तर काही करू नका.

सगळीकडे ठीक तरी मशीन बंद पडतं, तर ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस तासभर लावून बघा. सुकलेल्या कॅपॅसिटरमुळे दाब थरथरतो, साधा मीटर ती सरासरी काढून १२ च दाखवतो. दुसऱ्यावरही तसंच झालं तर मग रॅम, उष्णता, बोर्ड यांची पाळी.

आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला कोयता-कुदळ घासतो तेव्हा, कॉम्प्युटरची वायर काढून आतले प्लगही एकदा उपसून परत घट्ट बसवा, धूळ ब्रशने काढा. पावसात मशीन रोज अर्धा तास तरी सुरू ठेवा, आत ऊब राहिली की ओल बसत नाही. प्लास्टिक गुंडाळून ठेवलंत तर ओल आतच राहते.

आता मोटार

कॉम्प्युटरचं झाल्यावर तीच पद्धत विहिरीवर लावली. दीड एचपीची सिंगल फेज मोटार, माड-पोफळीला पाणी देणारी. मीटरपासून विहीर १४० मीटर, अडीच एमएमची तांब्याची केबल. मोटार सुरू होताना घुमायची, कधी उचलायचीच नाही. सगळ्यांचं एकमत, डीपीवरच व्होल्टेज नाही.

वायरमनला बोलावून मोटार चालू असताना दोन्ही टोकांना मोजून घेतलं. मीटरपाशी २१९, स्टार्टरपाशी १८६. कमी दाबाच्या जोडणीला २३० च्या ६ टक्के वरखाली धरतात, म्हणजे २१६ पर्यंत. डीपी त्या दिवशी निर्दोष होती. ३३ व्होल्ट आमच्याच आवारात गळत होते.

हिशेब मांडला. अडीच एमएम तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. जाऊन-येऊन २८० मीटर, म्हणजे २.१ ओहम. टाँग टेस्टरने मोटार १० अँपिअर घेत होती, म्हणजे केबलमध्ये २१ व्होल्ट जाणारच. उरलेले १२ कुठे?

केबलीच्या वाटेवर एक जोड होता. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा माड पडून केबल तुटली होती. मालवणात कित्येक दिवस लाईट नव्हती, आली तेव्हा पाणी देण्याची घाई, वायरमनने पिळा मारून टेप गुंडाळला आणि तो तसाच राहिला. १२ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे १२० वॅट. मोटार चालू असताना त्या टेपच्या आत शंभराच्या बल्बापेक्षा जास्त उष्णता तयार होत होती. आणि जोडाखाली सुक्या चुडतांचा ढीग. मेन बंद करून टेप सोडवला तर आत काळंकुट्ट तांबं आणि वितळलेलं प्लास्टिक.

जोड कापून तांब्याची नळी दाबून बसवली, बंद डबीत घेतला, डबी खांबावर उंच चढवली, चुडतां हलवली. स्टार्टरपाशी आता १९८ मिळतात. केबल चार एमएमची केली तर तिच्यात १३ च व्होल्ट जातील आणि २०६ मिळतील, ते पुढच्या हंगामात. मोटारीला एसएमपीएससारखं स्वतःला सावरता येत नाही. तिची ताकद दाबाच्या वर्गाने घटते. १८६ व्होल्टवर ती २३० च्या जवळपास ६५ टक्के उरते. सुरू होताना करंट पाचसहा पट जातो, तेव्हा केबलमधली गळतीही तेवढ्या पटीने वाढते. म्हणून ती घुमत राहते आणि वाइंडिंग जळतं.

तेव्हा मंडळी, व्होल्टेज कमी दिसला की 'कमी आहे' यावर थांबू नका, 'कुठे कमी आहे' ते विचारा. भार चालू ठेवून दोन टोकांना मोजा, फरक जिथे आहे तिथे बिघाड आहे. कॉम्प्युटरचं स्वतः मोजता येईल, मोटारीचं वायरमनकडूनच करून घ्या. आणि जोडाखाली सुकं गवत, चुडतां, काजूचा पाला असेल तर तो आजच हलवा, मोजणी उद्या केलीत तरी चालेल.

मला आकडे पाठवणार असाल तर तीन गोष्टी लिहा: कुठे मोजलं, कशाने मोजलं, आणि तेव्हा मशीन काय करत होतं. नुसतं '१०.९ दाखवता' म्हटलंत तर मलाही काही सांगता येणार नाही.